युवा महोत्सवाची पेटी: पावसाळी कोकणात कोणतं कलासाहित्य टिकतं

मुंबई विद्यापीठाचा युवा महोत्सव ऐन पावसाळ्यात येतो. प्राथमिक फेऱ्या जुलै-ऑगस्टच्या सुमारास, म्हणजे रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात भिंतींना ओल आणि चपलांना बुरशी येण्याच्या दिवसांत. कोकणात चित्रकलेचं रीतसर महाविद्यालयीन शिक्षण चिपळूणजवळ सावर्ड्याच्या सह्याद्री स्कूल ऑफ आर्टसारख्या मोजक्याच ठिकाणी मिळतं. बाकीच्या कॉलेजांतल्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या मुलांना विद्यापीठाकडून रंगमंच, परीक्षक आणि अडीच तासांची शिस्त मिळते ती या महोत्सवातच. त्यांच्यासाठी हेच कलेचं विद्यापीठ. म्हणून त्याची तयारी मन लावून झाली पाहिजे, आणि तयारी सामानापासून सुरू होते.

दुकानात मिळणारं बरंचसं कलासाहित्य कोरड्या हवेत चांगलं वागतं. हवेतली आर्द्रता ८५ ते ९५ टक्क्यांवर गेली की त्याच साहित्याचे गुणदोष उलटेपालटे होतात. महाग ते चांगलं हा हिशेब इथे चालत नाही. ओल कोण पितं, किती पितं आणि दोन्ही बाजूंनी सारखी पितं का, एवढंच बघायचं. पुढचं परीक्षण त्याच कसोटीवर आहे.

आधी कागद, कारण सगळ्यात जास्त चित्रं तिथेच बिघडतात. पुढे आंतरविद्यापीठ महोत्सवापर्यंत मजल मारायची तर भारतीय विद्यापीठ महासंघाचे नियम लागतात. त्यांत स्थळचित्र, व्यंगचित्र, कोलाज यांना अर्धा इम्पीरियल कागद असतो, २२ बाय १५ इंच, आणि वेळ अडीच तास. कागद आयोजक देतात, रंग-कुंचले आपले. म्हणजे स्पर्धेतला कागद आपल्या हातात नाही, सरावाचा आहे. सरावाला ३०० जीएसएमचा (चौरस मीटरमागे ३०० ग्रॅम वजनाचा) उंची सुती कागद वापरून स्पर्धेला गेलेलं मूल हमखास फसतं, कारण तिथे बहुधा १५०च्या आसपासचा साधा कार्ट्रिज, म्हणजे ड्रॉइंगचा कागद, समोर येतो. पाण्याचा पहिला हात मारला की त्याला लाटा येतात, रंग लाटांच्या खोलगट भागात साचतो आणि वाळल्यावर आकाशात पट्टे दिसतात. सराव निम्मा तरी साध्या कार्ट्रिजवरच करावा. १४० ते १५० जीएसएमचा, थोडा खरखरीत बाजू असलेला कागद घ्या. गुळगुळीत बाजूवर पावसाळ्यात पोस्टर रंग नीट बसत नाही, घासला की निघतो.

घरी वेळ असेल तेव्हा कागद ताणून घ्या. पसरट टबात पाच मिनिटं भिजत ठेवायचा, दोन कोपरे धरून उचलून पाणी निथळू द्यायचं, फळीवर अंथरायचा आणि मधून बाहेरच्या दिशेने स्पंजने हवा काढायची. मग पाणी लावून चिकटणारी तपकिरी कागदी टेप चारही कडांना, निम्मी कागदावर, निम्मी फळीवर. डिसेंबरात हा कागद तीन-चार तासांत ढोलकीसारखा ताणला जातो. जुलैत रात्रभर लागते. घाई करून हेअर ड्रायर मारला की एक कड आधी वाळते, ओढ तिकडे जाते आणि दुसऱ्या बाजूची टेप सुटते. पंख्याखाली आडवा ठेवा, उभा नको; उभ्या फळीवर पाणी खालच्या कडेला उतरतं आणि तिथली टेप भिजून निघते.

स्पर्धेत ताणायला वेळ नसतो. तिथे कागद फळीवर ठेवून चारही बाजूंना एक सेंटिमीटर मास्किंग टेप पक्की दाबून लावायची आणि पाणी कमी ठेवायचं. दीडशे मिनिटांची वाटणी साधारण अशी जमते: १५ मिनिटं छोटे आराखडे, २० मिनिटं रेखाटन, ७५ मिनिटं मोठे रंगभाग, ३० मिनिटं बारकावे, उरलेली १० वाळण्यासाठी. ही शेवटची दहा मिनिटं कोकणातल्या मुलांनी कधीच खाऊ नयेत. ओल्या कागदावरून टेप ओढली की कागदाचा पापुद्रा निघतो आणि स्वच्छ पांढरी चौकट फाटक्या कडेसारखी दिसते. टेप काढताना चित्रापासून बाहेरच्या बाजूला, अगदी तिरकी आणि हळू ओढायची.

उंची कागद घ्यायचाच असेल तर ऑक्टोबरनंतर घ्या. पावसात दुकानाच्या फळीवर पडून राहिलेला कागद बाहेरून छान दिसतो, पण त्याच्यावरची खळ मेलेली असते. कागदाला रंग शोषू न देणारी ही खळ ओलीने आणि बुरशीने जागोजाग मोडते. मग रंग लावला की ठिपके-ठिपके गडद होतात, टिपकागदावर शाई पसरावी तसे. खरेदी करताना कोपऱ्यावर बोटाने पाण्याचा थेंब ठेवा. थेंब अर्धा-पाऊण मिनिट फुगलेला राहिला तर खळ शाबूत. लगेच आत शिरला तर तो कागद जलरंगाच्या कामाचा नाही. घरात असा कागद निघालाच तर कोळसा किंवा तैलखडूसाठी ठेवा, तिथे त्याचा दोष दिसत नाही.

साठवणीत एक चूक फार होते: कागद ओलसर असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधतात. आतली ओल आतच राहते आणि आठवड्यात पिवळे डाग. आधी कागद पंख्याखाली मोकळे करा, मग पिशवी, आणि सोबत शंभर ग्रॅम सिलिका जेल. निळं जेल ओल पिऊन गुलाबी होतं, नारिंगी जेल हिरवट होतं. जुन्या, स्वयंपाकाला न लागणाऱ्या कढईत मंद आचेवर परतलं की रंग परत येतो आणि ते पुन्हा वापरता येतं. निळ्यात कोबाल्टचं संयुग असतं, म्हणून कढई कायमची वेगळी ठेवायची आणि शक्यतो नारिंगीच घ्यायचं. डांबरगोळी कसरीला रोखते, बुरशीला नाही. दोन्हींसाठी एकच उपाय समजू नका. ट्रंक भिंतीला टेकवू नका, खाली दोन लाकडी पट्ट्या द्या.

आता फळी. बाजारात तयार ड्रॉइंग बोर्ड म्हणून मिळतात त्यांत एमडीएफचे बोर्ड दिसायला सगळ्यात देखणे आणि कोकणासाठी सगळ्यात वाईट. भुशाचा तो लगदा कडेने पाणी पितो, कडा फुगतात, आणि एकदा फुगलेली कड परत बसत नाही. टेप तिथे चिकटत नाही. प्लायवूडमध्ये दोन जाती लक्षात ठेवा. आयएस (भारतीय मानक) ३०३चा एमआर दर्जा नुसती दमट हवा सोसतो, पण ताणलेल्या कागदाचं पाणी रोज अंगावर आलं की थर सुटू लागतात. आयएस ७१०चा मरीन प्लाय महाग पडतो, पण वर्षानुवर्षं टिकतो. सुताराकडून १८ बाय २४ इंचाचा तुकडा कापून घ्या, त्यावर अर्धा इम्पीरियल कागद टेपसकट नीट बसतो. जाडी ९ मिलिमीटर. सहाचा वाकतो, बाराचा एसटीत मांडीवर धरून नेताना दोन किलोंहून जड लागतो.

फळी घेतल्यावरचं काम मात्र दुकानदार सांगत नाही. दोन्ही बाजूंना आणि चारही कडांना वॉर्निशचे दोन हात द्या. दोन्ही बाजूंना, हे महत्त्वाचं. फक्त वरची बाजू रंगवली तर खालची बाजू ओल पिऊन फुगते, वरची फुगत नाही, आणि फळी होडीसारखी वळते. कुडाळजवळच्या पिंगुळीच्या चित्रकथी पाहा, चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची ही कला. ठाकर समाजाच्या त्या जुन्या पोथ्यांमध्ये दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. सादरीकरणात पान उलटलं की पुढचं चित्र, ही सोय तर आहेच. पण दोन कागद एकमेकांना उलट दिशेने ओढत असल्यामुळे पान सपाट राहतं, हाही त्याचा फायदा. पोथीचं एक पान हातात आडवं धरलं तर जाड पुठ्ठ्यासारखं लागतं, कडेला दोन थरांची बारीक रेघ दिसते. सावंतवाडीच्या गंजिफांना, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांना, चिंचोक्याच्या खळीचा लेप आणि वर लाखेचा थर असतो, त्यामागेही हाताचा घाम आणि हवेची ओल यांपासून राखण्याचाच विचार. इथल्या कारागिरांनी ही हवा ओळखून साहित्य बनवलं होतं. सुताराकडची फळी घेताना तेवढीच ओळख आपण दाखवायची.

लोखंडी क्लिपा आणि टाचण्या नकोतच. दोन ओल्या रात्रींत गंज आणि कागदावर तपकिरी ओघळ. स्टेनलेस किंवा प्लास्टिकच्या क्लिपा चार, बस.

पेन्सिलींबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. अप्सरा, नटराज, कॅमल यांपैकी तालुक्याच्या स्टेशनरीत मिळेल ती एचबी, २बी, ४बी, ६बी घ्या. दमट कागदावर कठीण शिसं खोबण पाडतं, म्हणून २एच घरीच ठेवा. खोडरबर मऊ, मळून वापरायचा. कोळशाच्या काड्या मात्र ओल पितात आणि मग काळ्याऐवजी करडी, ओरबाडल्यासारखी रेघ देतात. वापरायच्या आधी काड्या साठ वॉटच्या, तापणाऱ्या जुन्या पिवळ्या दिव्याशेजारी (एलईडी नव्हे) तासभर ठेवल्या की पुन्हा मखमली काळा उतरतो. कोळसा पुसला जाऊ नये म्हणून चित्रावर फिक्सेटिव्हचा फवारा मारताना पाऊस कोसळत असेल तर थांबा. त्यातला स्पिरिट उडताना कागद गार पडतो, त्यावर हवेतलं पाणी उतरतं आणि काळ्यावर पांढुरकी साय धरते. हलके तीन हात, प्रत्येक हात फूटभर अंतरावरून, मध्ये पाच-पाच मिनिटं.

रंगांत पोस्टर रंग सगळ्यांकडे असतात. कॅमलिन ही कंपनी १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी सुरू केली, आणि कोकणातल्या कितीतरी पिढ्यांचे हात तिच्याच रंगांनी माखलेले आहेत. स्थळचित्र आणि पोस्टर या दोन्हींसाठी बारा बाटल्यांचा संच पुरतो. पांढरा आणि पिवळा मात्र जादा घ्या, पहिले तेच संपतात. पोस्टर रंगाला बांधणारा पदार्थ डिंकाच्या जातीचा असतो. उघडलेल्या बाटलीत ओला कुंचला बुडवला की त्याच्याबरोबर पाणी आणि जंतू आत जातात, आणि पंधरा दिवसांत झाकणाखाली राखाडी लव आणि आंबट वास. उपाय सोपा: रंग प्लास्टिकच्या चमच्याने काढायचा, उरलेला परत बाटलीत टाकायचा नाही, आणि बाटली उघडतानाच लवंग तेलाचा एक थेंब घालून काडीने ढवळायचा. दोन थेंब नकोत, तेल जास्त झालं की रंग कागदावर फाटतो. वाळलेलं चित्रही पावसाळ्यात पूर्ण वाळलेलं नसतं. दोन चित्रं तोंडाला तोंड लावून ठेवली की एकाचा रंग दुसऱ्यावर उतरतो. मध्ये बटर पेपर हवाच.

या हवेला सगळ्यात मानवणारं माध्यम म्हणजे तैलखडू. मेण आणि तेल असल्यामुळे ओलीचा संबंधच नाही, कागदाला लाटा नाहीत, वाळण्याची वाट नाही. पन्नास रंगांची पेटी घेण्यापेक्षा पंचवीसची चांगल्या प्रतीची घ्या. स्वस्त खडूत मेण जास्त आणि रंगद्रव्य कमी, दुसरा थर पहिल्यावर घसरतो. पहिल्या वर्षाच्या मुलाने प्राथमिक फेरीसाठी निःशंकपणे हेच माध्यम निवडावं. सुक्या पेस्टलच्या खडूंना मात्र इथे गुण देता येत नाहीत, ते दमटपणाने टणक होतात आणि कागद खरवडतात. अ‍ॅक्रिलिक सावकाश वाळतं, आणि एरवी भरभर वाळणाऱ्या या रंगाला कोकणात मिसळायला निवांत वेळ मिळतो, ही मोठी जमेची बाजू. पण नियमांत तैल, जल, पोस्टर, पेस्टल असा उल्लेख असतो, तेव्हा अ‍ॅक्रिलिक नेण्याआधी कॉलेजच्या सांस्कृतिक समन्वयकांकडून विचारून घ्या.

कुंचले नायलॉनचे: गोल ४, ८, १२ आणि एक इंची चपटा. धुतल्यावर बरणीत उभे ठेवण्याची सवय मोडा. पाणी पत्र्याच्या नळीत उतरतं, दांडा फुगतो, वरचा रंग तडकतो आणि महिन्याभरात डोकं हलायला लागतं. फडक्यावर आडवे ठेवा.

रांगोळीचा भाग वेगळा लिहावा लागतो, कारण इथे सामानापेक्षा फरशी घात करते. पावसात फरशीला पाणी सुटतं. दिसत नाही, पण हात फिरवला की गारवा आणि चिकटपणा लागतो. त्यावर रंग टाकला की खालून भिजून डाग वर येतात. आधी सुक्या फडक्याने दोनदा पुसा, मग शिरगोळ्याच्या जाडसर पांढऱ्या रांगोळीचा एकसारखा थर चाळणीने पसरा, आणि चित्र त्याच्यावर काढा. हा थर ओल अडवतो आणि रंगही उजळ दिसतात. चार बाय चार फुटांच्या जागेला पायाचाच थर दोन-अडीच किलो खातो, म्हणून पांढरी तीन किलो न्या. रंगीत प्रत्येकी दोनशे ग्रॅम, त्वचेच्या छटा आणि काळा तेवढा जास्त. आदल्या रात्री सगळी रांगोळी मंद तव्यावर पाच-सात मिनिटं फिरवून, पूर्ण गार करून, चहाच्या बारीक गाळणीतून काढा आणि लगेच डब्यात बंद करा. गरम असताना डबा लावला तर झाकणाला वाफ धरते आणि सगळी मेहनत पाण्यात. बाजारात तयार मिळणारे गडद रंग ओलीने लवकर गुठळतात. निम्मा रंग आणि निम्मी कोरडी पांढरी रांगोळी असं मिश्रण हातातून सुटसुटीत पडतं. माध्यम एकच वापरायचं हा नियमही विसरू नका, फुलं-धान्य मिसळता येत नाही.

मातीकामात पाऊस तुमच्या बाजूने असतो. पेणच्या गणपती कारखान्यांत हात बसलेल्या मुलांना हे सांगावं लागत नाही: अडीच तासांत माती तडकत नाही, सांधे नीट मिळतात. उलटा धोका असा की काम मऊच राहतं आणि मान, हात, सोंड अशा निमुळत्या जागा स्वतःच्या वजनाने बसतात. पाणी हाताला लावण्यापुरतंच घ्या आणि खालचा भाग आधी उभा करून पंधरा मिनिटं त्याला हवा लागू द्या, तोवर वरचे तुकडे पाटावर वेगळे घडवा. माती आयोजकांची असते, हत्यारं आपली. दुकानातल्या संचापेक्षा बांबूच्या चार कोरण्या सरस: एक सुरीसारखी, एक चमच्यासारखी, एक टोकदार, एक दातेरी. कोयतीने तासून, काचेच्या तुकड्याने गुळगुळीत करून तासाभरात होतात, आणि ओल्या मातीला त्या चिकटत नाहीत. तारेच्या कोरण्या घ्यायच्याच तर स्टेनलेस तारेच्या.

कोलाजला पांढरा पातळ गोंद नको, मासिकाचा चकचकीत कागद त्याने वळतो. गोंदाची कांडी वापरा. कात्री दोन न्या.

वाद्यांकडे वळलं की ओलीचा प्रश्न आणखी नाजूक होतो, कारण इथे बिघाड कानाला कळतो आणि तोही मंचावर बसल्यावर. एकल तालवादनाला दहा मिनिटं असतात. त्यांतली तीन ठोकाठोकीत गेली तर वादन उरत नाही. तबल्याची पुडी बकरीच्या कातड्याची. दमट हवेत ती पाणी पिऊन सैल पडते, सूर उतरतो. मूल गजऱ्यावर (पुडीच्या वेणीसारख्या कडेवर) हातोडी चालवून चढवतं, गठ्ठे (बाजूचे लाकडी ठोकळे) खाली ठोकतं, आणि मग वातानुकूलित सभागृहात शिरल्यावर कातडं आकसतं, सूर अर्ध्या स्वराने वर जातो. प्राथमिक फेरीच्या कोंदट हॉलमध्ये नेमकं याच्या उलट. म्हणून वाद्य हॉलमध्ये किमान पाऊण तास आधी, गवसणीतून काढून ठेवा आणि त्या हवेत स्थिरावल्यावरच शेवटची मिळवणी करा. बाहेर मिळवून आत नेलेला तबला मिळवलेला राहत नाही.

खरेदीचं म्हणाल तर दायाँ, म्हणजे उजव्या हाताचा तबला, शिसवाचा जड खोडाचा घ्या, हलकं लाकूड ओलीने फुगतं आणि गठ्ठ्यांचा ताण धरत नाही. वादी, म्हणजे पुडी ताणून धरणारी पट्टी, चामड्याची की नायलॉनची, यावर दोन मतं आहेत. मैफिलीच्या नादाला चामड्याची वादी. पण जून ते सप्टेंबर रोज सरावाला कोकणात नायलॉनची वादी कमी सैलावते, आणि विद्यार्थ्याच्या वाद्याला तीच घालावी. पुडी घेताना तिच्यावरचा काळा गोल, म्हणजे शाई, नखाने हलकेच दाबून पाहा. शाईत लोहाचा कीस आणि पिठाची खळ असते. ओलीने खळ मऊ झाली की शाईचे कण सुटतात आणि आधी नादातला खणखणीतपणा जातो, मग कडेने कपच्या. तबला वाजवून झाला की हाताचा घाम सुक्या फडक्याने टिपा. पावडर थोडीच, नाहीतर ती शाईच्या भेगांत जाऊन बसते. कपाटात तबल्यापासून दीड फूट वर चाळीस वॉटचा पिवळा दिवा रोज दोन तास पुरतो. चुलीजवळ किंवा गॅसवर शेकण्याचा प्रकार करू नका, कातडं एका बाजूने कडक होतं आणि तिथूनच फाटतं.

डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याच्या, भजनांमुळे सिंधुदुर्गात पखवाज घरोघरी दिसतो, आणि महोत्सवात तो आणणारी मुलंही इथलीच जास्त. पखवाजाच्या डाव्या पुडीवर कणीक लावायची असते. पावसाळ्यात कणीक नेहमीपेक्षा घट्ट मळा. हवेत पाणी असल्यामुळे ती सुकत नाही, पातळ कणीक वाजवता वाजवता पसरते आणि धुमारा जाऊन थबथबीत आवाज येतो. पुरीएवढा गोळा मध्यभागी दाबून कडा पातळ करा, एकदा वाजवून पाहा, जड वाटलं तर चिमूटभर काढा. वादन संपलं की ती तिथेच, त्याच क्षणी खरवडून काढायची आणि पुडी ओलसर फडक्याने पुसून वाळवायची. रात्रभर राहिलेली कणीक आंबते, कातड्याला बुरशी लावते, आणि उंदीर पुडी कुरतडायला येतात ते त्या वासानेच.

पेटीचे (हार्मोनियमचे) सूर, म्हणजे हवेने वाजणाऱ्या आतल्या पातळ जिभा, पितळेचे असल्यामुळे त्यांना गंज नाही, पण स्प्रिंगा पोलादी असतात आणि पट्ट्यांचं लाकूड फुगतं. पट्टी दाबल्यावर वर येत नसेल तर तेल घालू नका, तेलाने धूळ धरते आणि लाकूड आणखी चिकटतं. पेटी उघडून आत पंचवीस वॉटचा दिवा तासभर, आणि रोज पंधरा मिनिटं सगळ्या पट्ट्यांवरून हात. भात्यातून हवा फिरली की आतला कोंदटपणा मोडतो. एखादा सूर मुका झाला तर त्याच्या जिभेखालून पातळ कोरा कागद सरकवून केस किंवा कण काढा. जीभ वाकवली तर सूर कायमचा जातो. नवी पेटी घेताना भाता पूर्ण भरून सगळ्या पट्ट्या सोडा आणि घड्याळ लावा. भाता झपाट्याने बसत असेल तर सांधे गळके आहेत, दुसरी पाहा.

रंगभूषेच्या सामानात चुका जुन्या सवयींतून होतात. खोबरेल तेल चेहऱ्याला लावून त्यावर रंग, ही पद्धत कोकणातल्या कॉलेजांत अजून दिसते. खोबरेल रंग काढण्यासाठी आहे. खाली तेल असलं की वरचा थर घामाबरोबर घसरतो, आणि मूकाभिनयाच्या पांढऱ्या चेहऱ्यावर कपाळापासून ओघळ येतात. मूकाभिनय सहाजणांचा आणि पाच मिनिटांचा, पण विंगेत वाट पाहण्यात तास जातो, त्या तासात रंग टिकला पाहिजे. चेहरा साबणाने धुवा, फडक्यात बर्फ गुंडाळून दोन मिनिटं फिरवा, पुसून कोरडा करा. ग्रीसचा पांढरा रंग बोटाने टिपून पातळ थर, मग भरपूर पावडर पफने दाबून, पाच मिनिटांनी जादा पावडर ब्रशने झाडायची. पुन्हा पातळ थर, पुन्हा पावडर. एकच जाड थर दिला की हसल्यावर गालावर भेगा पडतात. पाण्याने लावायचा पॅनकेक एरवी सोपा, पण या हवेत घामाने विरघळतो. स्किटमधल्या साध्या चेहऱ्यांसाठी ठीक, पांढऱ्या चेहऱ्यासाठी नको. सहा चेहऱ्यांना चाळीस ग्रॅम पांढरा पुरतो.

दशावताराच्या राजाची, राक्षसाची रंगभूषा करायची हौस मुलांना असते, आणि ती असावीच. मात्र जुन्या पेटाऱ्यातली मुरदाडशिंग आणि हिंगूळ वापरू नका. मुरदाडशिंग म्हणजे शिशाचं ऑक्साइड, हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं संयुग. दोन्ही विषारी आहेत आणि ओठ-डोळ्यांजवळ तर अजिबात नकोत. पांढऱ्यासाठी झिंक ऑक्साइड, लाल-पिवळ्याच्या जागी त्वचेसाठी बनवलेले ग्रीसचे रंग, डोळ्यांना काजळ. दिसण्यात फरक पडत नाही. मिशा-दाढीचा स्पिरिट गम घामट त्वचेवर धरत नाही, म्हणून ती जागा आधी स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, गम लावून अर्धा मिनिट थांबा, बोटाला तार येऊ लागली की मगच केस दाबा.

एकांकिकेला तीस मिनिटं आणि नऊजण. नेपथ्यासाठी खोक्यांचा पुठ्ठा टाळा, पावसात त्याचा कणा मोडतो आणि उभा केलेला दरवाजा प्रयोगाच्या मध्यात झुकतो. बांबूच्या कामट्या, सुतळी आणि मांजरपाट यांची चौकट हलकी, घडी होणारी, आणि भिजली तरी वाळून पुन्हा ताठ.

हे सगळं न्यायचं कसं, हा शेवटचा खर्च. चित्रं नेण्यासाठी मिळणाऱ्या लांब होणाऱ्या प्लास्टिक नळीचा सांधा पावसात गळतो. त्यापेक्षा हार्डवेअरच्या दुकानातून चार इंची पीव्हीसी पाइप चोवीस इंच कापून घ्या आणि दोन्ही टोकांना बुचं बसवा. एक बुच सोल्युशनने कायमचं, दुसरं नुसतं दाबून, कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी. अर्धा इम्पीरियल कागद २२ इंचाच्या बाजूने सरळ राहून आत बसतो. चित्र रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा, आतल्या बाजूला रंग दबून तडकतो. पाइपला आतून वर्तमानपत्राचा एक वेढा द्या, गार पाइपच्या भिंतीला सुटणारं पाणी तो टिपतो. मुक्कामी पोचल्यावर बुच पहिल्यांदा उघडायचं, चहा नंतर.